नस सुकलेली नसते

'कानाची नस सुकली आहे, आता इलाज नाही.' ठार बहिरेपणाचं निदान झालेल्या कितीतरी घरांनी हे वाक्य ऐकलं आहे. बहुतेक वेळा ते खरं नसतं, म्हणूनच त्यामागचा इतिहास माहीत असायला हवा.

कॉक्लिया म्हणजे कानाच्या आतला गोगलगायीच्या शंखासारखा भाग. तिथे आवाजाची थरथर टिपून ती नसेकडे सोपवणाऱ्या केशपेशी जेमतेम साडेतीन हजार, आणि तो संदेश मेंदूपर्यंत नेणाऱ्या चेतापेशी, म्हणजेच ती नस ज्यांची बनते त्या, तीस हजारांच्या घरात. बहुधा आधी जातात त्या केशपेशी. चेतापेशी मागाहून, सावकाश झिजतात. माणसात तर पुष्कळदा त्यातल्या बऱ्याचशा वर्षानुवर्षं तग धरून राहतात.

25 फेब्रुवारी 1957 रोजी पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवण-नसेला विजेचा स्पर्श दिला. त्याला आवाजाची लय कळली, सरावाने मोजके शब्दही ओळखता आले. उपकरण मात्र टिकलं नाही. 1961 मध्ये लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी तार थेट कॉक्लियात सरकवली आणि टीकेचा भडिमार ओढवून घेतला. एवढ्या बहिऱ्या कानात जिवंत नस उरलीच किती असेल, आणि असली तर ती विजेने मरणार नाही का, असे ते आक्षेप होते. 1977 च्या बिल्जर अहवालाने अशी एक तार कानात बसवलेले 13 रुग्ण तपासले. नुसत्या ऐकण्यावरून बोलणं कळत नसलं, तरी ओठ वाचायला त्या एका तारेची मदत होते, हे त्यात नोंदलं गेलं. पुढच्याच वर्षी मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोड, म्हणजे विजेची टोकं, असलेलं इम्प्लांट बसवलं. इम्प्लांट म्हणजे केशपेशींना वगळून थेट नसेला विजेने संदेश देणारं, कानात बसवायचं उपकरण.

पण नस किती उरली हे कळायला जिवंत माणसाच्या कानातल्या चेतापेशी मोजणार कशा? उत्तर मिळालं ते मृत्यूनंतर दान केलेल्या कानशिलाच्या हाडांतून. या दात्यांचे उपकार फार मोठे आहेत. हाडांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, असं ते चिकाटीचं काम. बोस्टनला जोसेफ नॅडॉल आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये 66 बहिऱ्या व्यक्तींच्या हाडांचा अभ्यास मांडला. मेंदूज्वराने बहिरेपण आलेल्यांत चेतापेशी कमी उरल्या होत्या. कानाला बाधणाऱ्या प्रतिजैविकांमुळे किंवा अचानक ऐकू येईनासं झालेल्यांत जास्त. आपल्याकडे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर कानामायसिनची इंजेक्शनं घेऊन अनेकांची श्रवणशक्ती गेली. त्यांच्यासाठी हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

मग 2005 मध्ये बोस्टनमधूनच धक्का बसला. इम्प्लांट वापरलेल्यांच्या हाडांत चेतापेशींची संख्या आणि शब्द ओळखण्याची क्षमता यांचा मेळ बसेना. 2014 मध्ये दोन्ही कानांत इम्प्लांट असलेल्यांचे दोन कान एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा जास्त पेशींचा कान सरस ठरला. म्हणजे संख्येला महत्त्व होतंच. पण माणसामाणसांतल्या फरकाखाली, म्हणजे बहिरेपणाचा काळ, भाषेची ओळख, मेंदूची सवय यांखाली, ते झाकलं जात होतं.

त्याच वर्षी सिडनीच्या गॅरी हाउस्ली यांच्या गटाने बहिऱ्या गिनीपिगांच्या कानात इम्प्लांटच्याच इलेक्ट्रोडमधून विजेचे झटके देऊन चेतापेशींना पोसणाऱ्या प्रथिनाचं जनुक तिथल्या पेशींत उतरवलं. आखडलेल्या चेतातंतूंना पुन्हा धुमारे फुटले.