बिल्ड पास, तरी एडिटर लालेलाल?

नमस्कार,

सध्या सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. ‘मेक’ (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारी, म्हणजे बिल्डची कमांड) मारलं की प्रोग्रॅम मुकाट तयार होतो, पण तीच फाईल एडिटरमध्ये उघडली की पहिल्या इन्क्लूडपासून (दुसरी फाईल जोडणाऱ्या ओळीपासून) लाल रेघा. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या एका ग्राहकाकडे यंत्रमागाच्या कंट्रोलरचा सी कोड आहे. तिथल्या पोरांनी या रेघांकडे बघणंच सोडलं होतं. मग एक दिवस खरी चूकही त्याच गर्दीत खपून गेली.

यात एडिटरचा दोष नाही. हेडर (इन्क्लूडनं जोडायच्या फाईली) कुठल्या फोल्डरात आहेत, कुठले मॅक्रो (कोडमधली नावं देऊन ठेवलेली व्याख्या) चालू आहेत, हे फक्त बिल्डला ठाऊक असतं. नक्षी ठरवणारी जकार्डची कार्डं न दाखवता चादरीची नक्षी विचारावी, तशी एडिटरची गत होते. मग बरेच जण ही माहिती एडिटरच्या सेटिंग्जमध्ये हातानं भरतात. कृपया भरू नका. मेकफाईल (बिल्डच्या सूचनांची फाईल) बदलते, सेटिंग्ज जुन्याच राहतात, आणि रेघा परत येतात.

त्यापेक्षा बिल्डलाच बोलतं करा. ‘कंपाइल कमांड्स’ नावाची एक जेसन फाईल असते. प्रत्येक सोर्स फाईलची त्यात एक नोंद: फाईल कुठली, कुठल्या फोल्डरातून कंपाइल झाली, कंपायलरला नेमकी काय कमांड दिली. क्लँगडी (एडिटरला सी कोड समजावून देणारा मदतनीस प्रोग्रॅम) ती वाचतो आणि एलएसपीमधून (एडिटर आणि अशा मदतनिसांमधल्या ठरलेल्या भाषेतून) एडिटरला सांगतो. एलएसपी मायक्रोसॉफ्टनं २०१६ साली खुला केला, त्यामुळे एकानं व्हीएस कोड आणि दुसऱ्यानं व्हिम वापरला तरी फाईल एकच पुरते.

मेसन आणि सीमेक ही बिल्डची मांडणी करणारी साधनं. मेसन ती फाईल आपणहून बनवतो. सीमेकमध्ये ‘एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स’ चालू करावं लागतं, तेही मेकफाईल किंवा निन्जा जनरेटर असेल तरच चालतं. हातानं लिहिलेली जुनी मेकफाईल असेल, तर ‘बेअर’मधून (कंपायलरला दिलेल्या कमांड टिपून ही फाईल बनवणाऱ्या प्रोग्रॅममधून) मेक चालवा. आधी ‘मेक क्लीन’ (आधीचं तयार झालेलं पुसणारी कमांड) मात्र विसरू नका. बेअर फक्त डोळ्यांसमोर कंपाइल झालेलंच टिपतो. सगळं आधीच तयार असेल तर फाईल रिकामी निघते. (आमचीही पहिल्यांदा रिकामीच निघाली होती.)

ही फाईल गिटमध्ये (सगळ्यांचा कोड एकत्र ठेवतात तिथे) टाकू नका, तिच्यात तुमच्याच मशीनचे पाथ असतात.

एवढं करून रेघा गेल्या, तर आम्हाला बोलवायची गरज नाही. एआरएमचा क्रॉस-कंपायलर (आपल्या मशीनवर एआरएम चिपसाठी प्रोग्रॅम बनवणारा) असेल आणि तरीही ‘एसटीडीआयओ’ हे हेडर सापडत नसेल, तर क्लँगडीला ‘क्वेरी ड्रायव्हर’ (हेडरची जागा कुठल्या कंपायलरला विचारायची ते सांगणारा पर्याय) द्यावा लागतो. तेव्हा फोन करा. कंपायलरचा पूर्ण पाथ तेवढा हाताशी ठेवा.