घोडं नेमकं कुठे पेंड खातं

दिवाळीच्या सुट्टीत नागावच्या बीचवर गेलात तर हे भांडण हमखास बघायला मिळतं. कोणाचं तरी पोरगं क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा घोड्यापुढे धरतं, घोडेवाला म्हणतो "ताई, नका देऊ, रात्री पोट धरतं त्याचं", ताई म्हणतात बिचारा किती बारीक दिसतोय, तुम्ही खायला घालत नाही का याला, मग बाजूला भेळ खात उभे असलेले काका सांगतात कुळीथ शिजवून घाला, आमच्या आजोबांच्या टांग्याचं घोडं कुळथावर वीस वर्षं जगलं, आणि पुण्याहून आलेला रायडिंग क्लबवाला मुलगा सगळ्यांना गप्प करत सांगतो की दाणाबिणा सगळं बंद करा, घोड्याला फक्त सुकं गवत लागतं. यावेळी मी तिथेच होतो. घोडा तेवढ्यात पुड्याचा कागदही चघळून मोकळा झाला.

गंमत म्हणजे चौघांचंही म्हणणं जुनं आहे, काहींचं तर शेकडो वर्षं जुनं, आणि ते कुठून आलं हे शोधत गेलं की आपण फिरून फिरून याच किनाऱ्यावर, नागावच्या शेजारच्या चौल-रेवदंड्यालाच येऊन पोचतो.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकू. कोकण हा घोड्याचा मुलूख नाहीच. घोडा म्हणजे कोरड्या माळावरचं जनावर, दिवसभर थोडंथोडं चरत फिरणारं. आपल्याकडे भात पिकतं म्हणजे वैरण कसली तर पेंढा, त्यात कस नाही, आणि पावसाळ्यातलं गवत हिरवंगार दिसतं पण नुसतं पाणचट. ज्वारीचा कडबा आणि हरभरा घाटावरून आणायचा. चार महिने चिखलात उभं राहून खुरं सडतात, ओल्या खोगिराखाली पाठ सोलवटते, वर माश्या. त्यामुळे इथे घोडा कायम बाहेरूनच आला, एक तर गलबतातून नाहीतर घाट उतरून. पाहुणाच म्हणा ना. आणि घरात धड काही नसलं की पाहुण्यापुढे आपण गोडधोड ठेवतो, तेच घोड्याच्या बाबतीत झालं असं माझं मत.

१३व्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो की इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार आहे, लुटीतले घोडे राजाला द्यायचे, बाकी माल त्यांनी ठेवायचा. म्हणजे बघा, सोनं तुम्ही घ्या पण घोडा मला द्या! तोच मार्को पोलो खाली तमिळ किनाऱ्यावरच्या राजाबद्दल सांगतो की तो वर्षाला २०००च्या वर घोडे विकत घेतो आणि वर्ष संपेपर्यंत १००सुद्धा उरत नाहीत, कारण यांना घोडा सांभाळताच येत नाही, भात आणि मांस शिजवून घालतात, नालबंद नाहीत, आणि घोडे विकणारे व्यापारी मुद्दाम नालबंदांना इकडे येऊ देत नाहीत कारण घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवीन विकले जाणार. सर्व्हिस सेंटर न देता गाडी विकायची, हा धंदा काही आजचा नाही. थोड्याच वर्षांनी वस्साफ नावाच्या इराणी इतिहासकारानेही हेच नाक मुरडलंय, की हे लोक घोड्याला कच्चं जव घालायचं सोडून भाजलेलं जव, लोण्यात परतलेलं धान्य आणि वर उकळलेलं गाईचं दूध देतात.

आता हे वाचून आपले पूर्वज अगदीच अडाणी होते असं वाटेल. तर थांबा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं काम सांगितलंय तिथे उत्तम घोड्याच्या खुराकाची यादीच आहे, त्यात तांदूळ किंवा जव, मूग-उडीद, तेल, मीठ, मांस, ओलं करायला रस किंवा दही, आणि वर प्यायला सुरा नाहीतर दूध. म्हणजे मार्को पोलोला जो वेडेपणा वाटला तो आपल्याकडे शास्त्रात बसलेला होता. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा पण इथलीच, घोड्याच्या डॉक्टरला सालोत्री म्हणतात तो शब्द त्यावरूनच. अंगावरचे भोवरे आणि पांढऱ्या खुणा बघून घोडा शुभ की अशुभ ठरवायचं, गळ्याखालचा भोवरा तो देवमण, चार पाय आणि तोंड पांढरं तो पंचकल्याणी वगैरे, तेही त्याच परंपरेतलं, सारंगखेड्याच्या बाजारात आजही या गोष्टींवर किंमत वरखाली होते. माझा भोवऱ्यांवर काडीचा विश्वास नाही पण विकत घेणाऱ्याचा असतो ना.

तर खुराक पुस्तकात होता. फक्त तो युद्धाच्या, रथाच्या, दिवसभर राबणाऱ्या घोड्याचा होता, आणि किनाऱ्यावर तोच खुराक दावणीला उभ्या असलेल्या घोड्याला जायला लागला असावा. घोडं पेंड खातंय ते इथे.

यात सगळ्यात जवळचा साक्षीदार म्हणजे अफनासी निकितीन, रशियन व्यापारी, १४६९च्या सुमारास हा चौलला उतरला तो एक घोडा घेऊन. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, आपण बिर्ला मंदिराला जाताना तिथून जातो आणि कोणी थांबत नाही. याने ऐकलं होतं की हिंदुस्थानात घोड्याला सोन्याचा भाव आहे, म्हणून १०० रुबलचा घोडा गलबतात घालून आणला. चौलहून जुन्नरला गेला तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला, धर्म बदल तर घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा, अशी ऑफर. कसाबसा सुटला, घोडाही मिळाला. जुन्नरच्या पावसाळ्याबद्दल लिहितो की चार महिने रात्रंदिवस जिथे तिथे पाणी आणि चिखल. आणि मग आपल्या कामाची ओळ येते, की या देशात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात, आणि घोड्यांना हरभरा घालतात, शिवाय साखर आणि तेलतूप घालून शिजवलेली खिचडी. खिचडी हा शब्द त्याने तसाच्या तसा लिहिलाय! शेवटी बिदरला घोडा विकला तेव्हा हिशोब मांडतो, वर्षभर पोसला, ६८ फुतून (तेव्हाचं तिथलं नाणं) खर्च झाले. पोसणाऱ्याचा सूर तेव्हाही हाच होता, खाऊन खाऊन दमवलं याने.

पुढे १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि घोड्यांचा व्यापार मुठीत धरला, घोड्यावरची जकात ही गोव्याची मोठी कमाई होती, विजयनगर आणि आदिलशाही दोघंही गिऱ्हाईक. ते फार लांबवत नाही.

कारण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती चिपळूणची आहे. शिवाजी महाराजांचं राज्याभिषेकाच्या आधीचं, चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र बऱ्याच जणांना माहीत असतं ते "रयतेला काडीचाही त्रास देऊ नका" या अर्थाने. पण पत्राची सुरुवातच घोड्यांच्या खाण्यापासून होते. चिपळूणला लष्कराचा मुक्काम पडला, पावसाळ्यासाठी दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी केलेला दाणा-वैरणीचा साठा बराचसा खर्च होऊन गेला, आता जे उरलंय ते पुरवून वापरा. हातात आहे तोवर धुंदीत चाराल, संपलं की पडत्या पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरायला लागतील, म्हणजे "घोडी तुम्हीच मारिली ऐसे होईल", असं सरळ. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी दाणे आणेल, कोणी गवत, आणि लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीची काळजी, गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखूची ठिणगी पडेल, दिवा तसाच ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत जळून जाईल, मग घोडी जगणार नाहीत.

उंदराची वात! राज्य चालवणारा माणूस इतक्या खाली येऊन विचार करतोय कारण त्याला पक्कं माहीत होतं की कोकणात जूनमध्ये गवताची गंजी गेली तर कितीही पैसा टाकून दुसरी मिळत नाही. लाड नाही, हाल नाही, मे महिन्यातच सप्टेंबरपर्यंतचा हिशोब. घोड्यांबद्दल या किनाऱ्यावर लिहिलं गेलेलं हे सगळ्यात शहाणं लिखाण आहे असं मला वाटतं, आणि ते पशुवैद्याचं नाही.

चंदी, रतीब, तोबरा, खरारा, मोतद्दार हे सगळे शब्द त्या पागांच्या जगातले. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, खरारा म्हणजे त्याचं अंग घासणं, मोतद्दार म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर. रतीब म्हणजे ठरलेला रोजचा खुराक, आता दुधाचा उरलाय. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, आता पानाचा भरतात. आणि घोडा कोणाचा यावरही वागणूक ठरायची. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची नोकरीच संपली, त्यामुळे तो घोड्याला स्वतःच्या पोटासारखा जपायचा आणि लढाईत पुढे घालायला कां कूं करायचा. रिक्षा मालकाची का भाड्याची हे आजही चालवण्यावरून कळतं, तसंच.

शिकवण्यावरून भांडण त्याहून जुनं. आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर किक्कुली नावाच्या माणसाची रथाचे घोडे तयार करायची पद्धत लिहिलेली आहे, साधारण ३४०० वर्षांपूर्वीची, कधी किती पळवायचं, कधी चारायचं, कधी उपाशी ठेवायचं, सगळं दिवसागणिक. त्यात फेऱ्यांचे आकडे ऐका, ऐक, तेर, पंझ, सत्त. मराठी माणसाला भाषांतर लागत नाही. आपल्याकडे हे काम चाबूकस्वाराचं, आणि पदवीच्या नावातच चाबूक आहे म्हटल्यावर पद्धत कळली. एका हातात भाला, दुसऱ्या हातात लगाम, घोडा जागच्या जागी थांबला आणि वळला पाहिजे, म्हणून कडक लगाम आला, काटेरी लगाम आला. लग्नात नाचणारी घोडी बघून आपण टाळ्या वाजवतो, तिचं तोंड कधी जवळून बघा.

पण जुन्या लोकांना एक गोष्ट बरोबर कळली होती. पान का सडलं, घोडा का अडला, विद्या का विसरली, तर फिरवली नाही म्हणून. हे कोडं लहानपणी पाठ केलेलं, अर्थ मोठेपणी कळला. इंग्लंडात गाड्यांचे घोडे रविवारी पूर्ण दाणा खाऊन उभे राहायचे आणि सोमवारी जुंपले की मागचे पाय लाकडासारखे व्हायचे, त्या दुखण्याला सोमवार सकाळचा आजार असंच नाव पडलं. दाणा तेवढाच आणि फिरणं बंद, तर घोडा अडणारच.

इंग्रज आले तसं हे सगळं मुंबईत येऊन दाटलं. १८७४मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली ती १९०५पर्यंत चालली, १८८३मध्ये महालक्ष्मीचं रेसकोर्स, १८८६मध्ये परळला व्हेटर्नरी कॉलेज. एकाच शहरात एक घोडा ट्राम ओढून मरतोय आणि दुसऱ्याला ओट्स आणि मालिश. १८८०मध्ये ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माईल खानला (आता पाकिस्तानात) सर्रा रोगाचे जंतू शोधले, घोड्यांच्या रक्तातले, चावऱ्या माश्यांनी पसरणारे आणि पावसाळ्यात जोर धरणारे. म्हणजे शेकडो वर्षं ओल्या मुलखात घोडे मरत होते आणि सगळा दोष खिचडीवर टाकला जात होता, त्यात अर्धा गुन्हा माशीचाही असणार.

आजचं शास्त्र रायडिंग क्लबवाल्या मुलाच्या बऱ्यापैकी बाजूने आहे. घोड्याचं पोट त्याच्या आकाराच्या मानाने लहान, चारा मागच्या मोठ्या आतड्यात आंबून पचतो, वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के सुका चारा रोज लागतो, म्हणजे ३०० किलोच्या तट्टाला साडेचार ते सहा किलो. एकदम स्टार्च किंवा साखर गेली तर पोटशूळ उठतो, खुरं आतून सुजतात, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं बाहेर येत नाही. तरी काकाही अगदी चूक नाहीत. कुळथाला इंग्रजीत नावच घोड्यावरून पडलंय, मद्रासकडे घोडदळाला कुळीथच शिजवून घालायचे. ज्या कुळथाच्या पिठीसाठी आपण मुंबईहून गावी फोन करतो ती मूळची रिसाल्यातली डिश म्हणायला हरकत नाही. राबणाऱ्या घोड्याला गवतावर थोडं कडधान्य भिजवून-शिजवून दिलं तर चालतं, गवताच्या ऐवजी नाही.

कायद्यानेही मधे हात घातला. १९६५च्या नियमांत ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना दिवसाला ९ तासांच्या वर काम नाही, सलग ५ तासांच्या वर नाही, काटेरी लगाम बंद. २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. माथेरानला मोटारी नाहीत म्हणून घोडे टिकले, आता तिथे ई-रिक्षावरून वाद आहेत. प्राणीमित्र म्हणतात बंद करा, घोडेवाले म्हणतात बंद केलं तर याला खायला कोण घालणार. दोन्ही प्रश्न खरे आहेत.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मी घोडेवाल्याचा तोबरा बघितला. गव्हाचा कोंडा, भरडलेला हरभरा, चिमूटभर खडे मीठ, पाणी मारून ओलं केलेलं. तोंडाला बांधूनच घालतो, खाली टाकलं तर दाण्याबरोबर वाळू पोटात जाते आणि साठून बसते, हे त्याला बापाने शिकवलेलं. बाप साताऱ्याकडचा. कडब्याची पेंडी इथे आणेपर्यंत भाव दुप्पट होतो म्हणाला. विचारलं, पावसात काय करता? "मे संपला की दोन्ही घोडी वर भावाकडे. इथे पावसात काय चारू दादा, पेंढा?"