सफरचंदाच्या झाडाची कडू साल

मधुमेह या नावातच रोगाची खूण आहे. मधु म्हणजे मध आणि मेह म्हणजे लघवी. लघवीत साखर उतरली की दुखणं बळावलं, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. म्हणूनच आज मधुमेहाची एक गोळी लघवीवाटे मुद्दाम साखर बाहेर काढते, हे ऐकून कोणीही बुचकळ्यात पडेल. या गोळीचा माग सफरचंदाच्या झाडापर्यंत जातो.

१८३५ साली सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं काढलं गेलं. सिंकोनाची कडू साल तापावर चालते, तसं हेही चालेल, अशी तेव्हा आशा होती. पुढे १८८६ मध्ये योझेफ फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांच्या लक्षात आलं की फ्लोरिझिन दिलं की लघवीत साखर येते, मात्र रक्तातली साखर वाढत नाही.

यामागचं कारण मूत्रपिंडात आहे. निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. ही ओढाओढ सूक्ष्म नलिकांच्या भिंतीतली वाहक प्रथिनं करतात. त्यातलं एसजीएलटी-२ एकटंच सुमारे ९० टक्के काम उचलतं. फ्लोरिझिनच्या रेणूला एका बाजूने ग्लुकोज जोडलेलं असतं. प्रथिन त्या ग्लुकोजला धरायला जातं, पण मागची शेपटी, म्हणजे रेणूचा उरलेला भाग, आत शिरत नाही. रेणू दारातच अडकतो, वाट बंद होते आणि साखर लघवीत वाहून जाते.

मग सालीचा अर्कच औषध म्हणून का देत नाहीत? कारण तो पोटात गेला की आतड्यातलं एक विकर ग्लुकोज आणि शेपटी यांच्यामधला ऑक्सिजनचा दुवा तोडून टाकतं. शिवाय फ्लोरिझिन आतड्यातल्या एसजीएलटी-१ या जुळ्या प्रथिनालाही अडवतं, आणि जुलाब लागतात. रसायनतज्ज्ञांनी तो ऑक्सिजन काढून तिथे थेट कार्बनचा बंध घातला, जो विकराला तुटत नाही. शेपटीही एसजीएलटी-२ लाच नेमकी बसेल अशी घडवली. त्यातून डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आली. हृदयविकार असलेल्या मधुमेहींमधले मृत्यू एम्पाग्लिफ्लोझिनने कमी होतात, हे २०१५ मध्ये मोठ्या चाचणीतून दिसलं. मला ही सगळी वाटचाल विलक्षण वाटते: झाडाने कुलूप दाखवलं, किल्ली मात्र माणसाला घासून घासून बनवावी लागली.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीचीही कथा अशीच आहे. गॅलेगा या युरोपीय झुडपात गॅलेजिन असतं. ते साखर उतरवतं, पण विषारी आहे. हे झुडूप चरून मेंढ्या दगावतात. त्याच घराण्यातलं, पण पुष्कळ सौम्य असं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं.

म्हणूनच 'वनस्पतीचं आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. अर्कात खरोखर गुण असेल, तर चालू गोळ्यांच्या जोडीला घेतल्यावर साखर एकदम खाली जाऊन चक्कर, घाम, बेशुद्धी येऊ शकते. गुण नसेल, तर त्याच्या भरवशावर इन्शुलिन थांबवणं टाइप-१ मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या रुग्णाच्या जिवावर बेततं. अर्क घेत असाल तर डॉक्टरांना त्याचं नाव जरूर सांगा.

सध्या दारुहळदीसारख्या झाडांमधल्या बर्बेरीन या पिवळ्या द्रव्याची बरीच चर्चा आहे. ते पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचं काम मंदावतं आणि काही चाचण्यांत साखर उतरलेली दिसली आहे. पण गर्भवतींनी ते टाळायचं असतं, आणि आतड्यातून ते रक्तात फारच थोडं पोहोचतं. फ्लोरिझिनही आतड्यातच अडलं होतं, आणि ती वाट मोकळी व्हायला रेणूतला एक ऑक्सिजन काढावा लागला. बर्बेरीनमध्ये काय बदलावं, यावर रसायनतज्ज्ञांचं काम चालू आहे.