दाणा की वडी?

चोपड्याचा माझा भाचा हल्ली मोबाइलवर अमेरिकेतल्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद ठासायच्या, बंदुकांचे व्हिडिओ पाहतो. परवा म्हणाला, "मामा, तिकडे बारुदीच्या तयार वड्या मिळतात. वडीला जोर जास्त असणार ना? मग नवशिक्यांना सुटी बारूद का घ्यायला सांगतात?"

वडी घट्ट म्हणून जोरदार, हा समज चुकीचा आहे. बारूद किती वेगाने जळेल हे तिच्या उघड्या पृष्ठभागावर ठरतं. बाभळीचं खोड आणि वाळलेल्या पऱ्हाट्या, दोन्ही लाकूडच. पऱ्हाट्या काडी लावताच भडकतात, खोड तासन्‌तास धुमसतं. १ सेंटीमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. त्याचे १ मिलिमीटरचे घन पाडले तर १००० तुकडे होतात आणि पृष्ठफळ ६० होतं. वजन तेच, जळायला जागा दहापट. म्हणून अरुंद नळीला बारीक बारूद, रुंद नळीला भरड, तोफेला त्याहून जाड. मात्र पीठच केलं तर ते गच्च बसतं, फटी बुजतात आणि ज्वाळेला आत शिरायला वाट उरत नाही. पंधराव्या शतकात युरोपात बारुदीचे दाणे पाडू लागले त्यामागे हेही एक कारण होतं.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. भरीव दाणा जळत जातो तसा लहान होतो, पृष्ठफळ घटतं. म्हणजे वायू सुरुवातीला भसकन आणि नंतर कमी. १८६०च्या सुमारास अमेरिकन लष्करी अधिकारी थॉमस रॉडमन यांनी तोफेच्या बारुदीला आरपार भोकं ठेवली. एका भोकाचं नळकांडं घ्या: ते बाहेरून जळतं तशी बाहेरची त्रिज्या घटते, आतून जळतं तशी भोकाची त्रिज्या तेवढीच वाढते. दोन त्रिज्यांची बेरीज कायम, म्हणून दोन्ही वक्र पृष्ठांची बेरीजही जवळपास कायम! नळीतला दाब एकदम न उसळता टिकून राहतो.

आजच्या वडीलाही मधोमध भोक असतं, पण तिथे त्याचं पहिलं काम ज्वाळा आत पोचवणं. वडी बहुधा काळ्या बारुदीच्या पर्यायी मिश्रणाची असते आणि ते मिश्रण उशिरा पेट घेतं. म्हणून काही वड्यांच्या बुडाला अस्सल काळ्या बारुदीचा लेप असतो, आणि ते बूड ठिणगीकडेच ठेवायचं. जोरदार प्रायमरच्या (बार पेटवणाऱ्या छोट्या डबीच्या) आधुनिक बंदुकीत ती छान चालते. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीत ती वापरू नये, जुन्या टोपीच्या (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीच्या) बंदुकीतही बार फुसका जाण्याची भीती. असा बार गेला की काही जण नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधतात. कारण असतं ओलसर बारुदीत किंवा कानात, म्हणजे ठिणगी आत जायच्या छिद्रात, साचलेल्या काजळीत, आणि ते बारूद बदलल्याने किंवा कान साफ केल्यानेच जातं.

नवशिक्याने सुटी बारूदच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. मापाने ती ५-५ ग्रेनने वाढवता-घटवता येते आणि आपल्या बंदुकीला काय मानवतं ते कळतं. वडी साधारण ३० किंवा ५०ची, मधलं काही नाही. (ग्रेन म्हणजे दाणा नव्हे, ते ६४.८ मिलिग्रॅमचं वजन. वडीवरचा आकडा तर तेवढ्या मापाच्या काळ्या बारुदीशी बरोबरी सांगतो, वडीचं वजन नव्हे.) आणि काडतुसातली धूररहित बारूद ठासणीच्या बंदुकीत कधीही नाही; नळी फुटते.

भाच्याने लगेच विचारलं, "मग वडी मोडून अर्धी टाकली तर?"

मोडली की नवे पृष्ठभाग उघडे पडतात, चुरा होतो, लेप असेल तर तो एकाच तुकड्याकडे राहतो. ती कधी पेटेल आणि किती वेगाने जळेल, हे मग कुणालाच सांगता येत नाही.