सीडी४ प्रतिपिंडे

सीडी४ प्रतिपिंडे : साहाय्यक टी-पेशींच्या (रोगप्रतिकाराला चालना देणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) पृष्ठभागावरील सीडी४ या ग्राही प्रथिनाला नेमकी चिकटणारी, प्रयोगशाळेत वापरली जाणारी मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी, एकसारखी) प्रतिपिंडे. एचआयव्हीबाधितांच्या ‘सीडी४ काउंट’चा, म्हणजे रक्तातील सीडी४ पेशींच्या संख्येचा, आकडा यांच्याच आधारे मिळतो.

साहाय्यक टी-पेशी आणि मारक टी-पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्याच दिसतात. फरक असतो तो पृष्ठभागावरच्या प्रथिनांत. तो टिपायला एकाच साच्याची, हवी तितकी प्रतिपिंडे लागतात. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशीचा कर्कपेशीशी संयोग घडवून तशी सोय केली. १९७९ मध्ये आज सीडी४ म्हणतात त्या रेणूला चिकटणारे ओकेटी४ हे प्रतिपिंड जाहीर झाले. पुढे या एकाच रेणूला कुणी टी४ म्हणे, कुणी ल्यू३. १९८२ च्या पॅरिस परिषदेपासून पेशींच्या पृष्ठभागावरील अशा रेणूंना सीडी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली आणि हा गोंधळ मिटला.

१९८४ मध्ये याच प्रतिपिंडांनी एड्सच्या विषाणूचे प्रवेशद्वार दाखवून दिले. लंडनमधील संशोधकांच्या गटाने १५५ मोनोक्लोनल प्रतिपिंडे तपासली. त्यांतली सीडी४ विरुद्धची सर्व १४ प्रतिपिंडे विषाणूला रोखत होती. त्याच वर्षी पॅरिसमधील गटही याच निष्कर्षाला पोहोचला. केवळ ओळखण्यासाठी घडवलेल्या साधनाने रोगाचे मूळ उकलावे, हे प्रतिरक्षाविज्ञानातले फार मोठे यश होय.

तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीतले थोडे रक्त घेतात. त्यात चमकणाऱ्या रंगद्रव्याने खूण केलेली सीडी३ आणि सीडी४ प्रतिपिंडे घालून नळी पंधरा-वीस मिनिटे अंधारात ठेवतात. उजेडात रंगद्रव्य फिके पडते. मग तांबड्या पेशी फोडून नमुना फ्लो सायटोमीटरमध्ये सोडतात. लेझरसमोरून पेशी एकेक करून जातात आणि प्रत्येकीची चमक नोंदली जाते. सीडी३ हे प्रथिन टी-पेशींची खूण आहे. त्याची जोड अनिवार्य आहे, कारण मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरही थोडे सीडी४ असते. एकट्या सीडी४ वर विसंबले तर त्याही मोजल्या जाऊ शकतात. शिवाय काही पेशींवर प्रतिपिंडाची शेपटी धरणारे एफसी ग्राही असतात. तिथे प्रतिपिंड लक्ष्य नसतानाही चिकटते, म्हणून गरजेप्रमाणे हे ग्राही आधी झाकून घेतात.

प्रतिपिंड संपूर्ण रेणू ओळखत नाही. रेणूचा एक लहानसा भाग, म्हणजे एपिटोप, ओळखते. आफ्रिकी वंशाच्या आणि जपानी काही निरोगी व्यक्तींमध्ये सीडी४ रेणूतल्या आनुवंशिक बदलामुळे ओकेटी४ ला धरायला जागाच उरत नाही. अशा व्यक्तीचे रक्त फक्त ओकेटी४ ने तपासले तर सीडी४ पेशी जवळजवळ नाहीतच असे दिसते. दुसऱ्या एपिटोपवर बसणारे प्रतिपिंड वापरले की त्या व्यवस्थित दिसतात. म्हणून अहवालात वा शोधनिबंधात नुसते ‘सीडी४ प्रतिपिंड’ लिहून भागत नाही. एसके३, आरपीए-टी४ असे क्लोनचे, म्हणजे ते प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीवंशाचे, नाव द्यायलाच हवे.

निरोगी प्रौढात दर घनमिलिमीटर रक्तात साधारणपणे ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. भारतात २०१७ पासून एचआयव्हीचे औषध सुरू करायला हा आकडा पाहावा लागत नाही. मात्र २०० च्या खाली गेलेल्या रुग्णांत संधिसाधू (प्रतिकारशक्ती खालावल्यावर होणारे) संसर्ग वेळीच शोधण्यासाठी तो आजही लागतो.