सॉनिकचा वेग : एका पिक्सेलचे २५६ भाग

जून १९९१मध्ये सेगा कंपनीचा ‘सॉनिक द हेजहॉग’ आला, तोवर उड्या मारत पुढे जाण्याच्या गेम्सची एक रीत बसलेली होती. सपाट जमीन, वर अधांतरी ठोकळे, मध्ये खड्डे, आणि पात्राचा वेग बहुतेक वेळा हातातल्या बटणावर अवलंबून. सॉनिकचा वेग मात्र पायाखालच्या जमिनीवर अवलंबून असतो. चढाला तो मंदावतो, उताराला सुटतो, अंग गोळा करून घरंगळला तर आणखी जोरात सुटतो, आणि वेग पुरेसा असला तर उभ्या वर्तुळाच्या आतून डोकं खाली करून पार होतो. हे सगळं सेगाच्या ज्या मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर चालायचं, ते १९८८ सालचं. त्यातला मोटोरोला ६८००० प्रोसेसर सेकंदाला सुमारे ७६ लाख ७० हजार ठोके टाकतो आणि त्याला दशांश अपूर्णांकांचं गणित अजिबात येत नाही.

प्रोग्रामिंग युजी नाका यांचं, पात्राची आखणी नाओटो ओशिमा यांची, लेव्हल्सची रचना हिरोकाझु यासुहारा यांची. आधीच्या कच्च्या आराखड्यांत लांब कानांनी वस्तू पकडून फेकणारा एक ससा होता. पण पकडायला थांबावं लागतं, म्हणजे वेग गेला. त्याच्या जागी अंगाचा काटेरी गोळा करणारा प्राणी आला आणि धावणं, उडी, हल्ला हे सगळं दिशांची कळ आणि एकाच बटणात बसलं.

अपूर्णांकांची अडचण सोडवण्याची युक्ती साधी आहे. एका पिक्सेलचे २५६ भाग करायचे आणि सगळे वेग त्या भागांत, पूर्णांकांत मोजायचे. यातला दर आकडा दर फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या दर चित्राचा, आणि सेकंदाला ६० फ्रेम. पळताना सॉनिकचा वेग दर फ्रेमला १२ भागांनी वाढतो. कमाल मर्यादा १५३६ भाग, म्हणजे ६ पिक्सेल. भागाकार केला की दिसतं, पूर्ण वेग गाठायला १२८ फ्रेम लागतात, दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ. त्या काळातल्या गेममध्ये हे फारच संथ म्हणायचं. पण उलट दिशेचं बटण दाबलं तर ब्रेक १२८ भागांचा, त्यामुळे पूर्ण वेगातला सॉनिक १२ फ्रेममध्ये थांबतो. वेग मिळवायला कष्ट, आवरायला सोपा. हे प्रमाण उलटं असतं तर गेम खेळवत नसता. पूर्ण वेगात तो सेकंदाला ३६० पिक्सेल पळतो आणि पडद्याची रुंदी ३२० पिक्सेल आहे.

उडीचा सुरुवातीचा वेग ६.५ पिक्सेल, गुरुत्वाकर्षण ५६ भाग. उडी साधारण शंभर पिक्सेल उंच जाते, वर जायला अर्धा सेकंद. वर जाताना मध्येच बटण सोडलं की वरचा वेग थेट ४ पिक्सेलवर कापला जातो, म्हणून हलक्या टिचकीने छोटी उडी निघते. उडी जमिनीला काटकोनात असते, सरळ वर नव्हे. तीव्र उतारावरून उडी मारली की सॉनिक बाजूला फेकला जातो तो याचमुळे.

आता मुख्य गोष्ट. जमिनीवर असताना सॉनिकला आडवा आणि उभा असे दोन वेग नसतात. एकच असतो, जमिनीच्या रेषेवरून मोजलेला. दर फ्रेमला त्या जागेचा कोन बघून या एका वेगाचे आडवा आणि उभा असे दोन तुकडे पाडले जातात. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश न धरता २५६ भाग धरलेत, म्हणजे कोन एका बाइटमध्ये मावतो आणि २५५ च्या पुढे गेला की आपोआप शून्यावर येतो. साइन-कोसाइन काढत बसायला वेळ नाही. त्यांचं कोष्टक कार्ट्रिजमध्ये तयार असतं. या प्रोसेसरला साधी बेरीज ४ ठोक्यांत होते, गुणाकाराला ७०पर्यंत आणि चिन्हासह भागाकाराला १५८पर्यंत ठोके लागू शकतात. एका फ्रेमसाठी हातात एक लाख अठ्ठावीस हजारांच्या आसपास ठोके. त्यात शत्रू, वाटेत गोळा करायच्या अंगठ्या, संगीताचा समन्वय आणि चित्रं सगळंच उरकायचं.

उताराचा परिणामही याच एका वेगावर होतो. चालताना वा पळताना कोनाच्या साइनला ३२ भागांनी गुणून तेवढा वेग कमी किंवा जास्त करतात. हवेतलं गुरुत्वाकर्षण ५६ आणि जमिनीवरचं ३२! घरंगळताना तर प्रकार आणखी मजेशीर: चढाला २० भाग, उताराला ८०. घर्षणही पळतानाच्या निम्मं, १२ ऐवजी ६. खऱ्या जगात चढताना जितकी ऊर्जा खर्च होते, तितकीच उतरताना परत मिळते, त्यातून घर्षणाची वजावट. इथे उतरताना चौपट मिळते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम इतक्या उघडपणे मोडूनही खेळणाऱ्याला त्यात काही खोटं वाटत नाही, कारण चढाला वेग कमी आणि उताराला जास्त ही दिशा बरोबर आहे. आपल्या अंगाला दिशा कळते, प्रमाण कळत नाही. या गेमच्या रचनेतली सगळ्यात हुशार गोष्ट माझ्या मते हीच.

लूपचं, म्हणजे त्या उभ्या वर्तुळाचं, गणित करून बघण्याजोगं आहे. त्रिज्या १०० पिक्सेल धरू. खऱ्या भौतिकशास्त्रात, घर्षण नसलेल्या वर्तुळातून माथ्यावर न सुटता जायचं तर तळाशी वेगाचा वर्ग गुरुत्वाकर्षण आणि त्रिज्येच्या गुणाकाराच्या किमान पाचपट हवा. हवेतल्या ५६ भागांच्या गुरुत्वाकर्षणाने तो वेग १०.५ पिक्सेलच्या जवळ जातो, म्हणजे पळून कधीच जमणार नाही. गेममध्ये केंद्राभिमुख बलाचा विचारच नाही. नियम एवढाच: जमीन सुमारे ४५ अंशांहून तीव्र असेल आणि वेग २.५ पिक्सेलच्या खाली गेला, तर सॉनिक जमीन सोडतो आणि अर्धा सेकंद, म्हणजे ३० फ्रेम, तो डाव्या-उजव्या बटणांचं ऐकत नाही. शिवाय वर्तुळाच्या माथ्याजवळच्या ९० अंशांच्या पट्ट्यात उताराचा हिशेब धरलाच जात नाही. या आकड्यांनी ६ पिक्सेलच्या वेगाने, पुढचं बटण दाबून लूपमध्ये शिरलेल्या सॉनिकचा माथ्यावरचा वेग साधारण साडेचार येतो. आरामात पार. तळाशीच बटण सोडलं, तर तो छतापर्यंतही पोचत नाही.

जमीन ओळखायची कशी? संपूर्ण लेव्हल १६ बाय १६ पिक्सेलच्या ठोकळ्यांची असते आणि प्रत्येक आकारासाठी १६ आकडे साठवलेले असतात, दर उभ्या ओळीत जमीन किती उंच आहे ते सांगणारे. सोबत त्या आकाराचा एक कोन. भिंतींसाठी तसंच दुसरं, आडवं मोजलेलं कोष्टक. २५६ आकारांचा हा सगळा ऐवज साडेआठ किलोबाइटच्या आत बसतो. सॉनिकच्या मध्यापासून ९ पिक्सेल डावीकडे आणि ९ उजवीकडे अशा दोन अदृश्य रेषा पायांशी खाली जातात. दोन्हींना जमीन लागली तर जी उंच ती खरी, कोनही तिचाच. कडेवर एकाच रेषेला जमीन लागते आणि मध्यबिंदूही बाहेर गेलेला असतो, तेव्हा तो हात हलवत तोल सावरताना दिसतो. जमिनीचा कोन ४५ अंश ओलांडला की या रेषा काटकोनात वळतात आणि भिंत हीच जमीन होते; पुढे १३५ अंशांच्या हद्दीला छत, मग दुसरी भिंत. वर्तुळ नावाची गोष्ट यंत्राला ठाऊकच नाही, फक्त चार दिशा आणि कोष्टकं.

तरी लूपमध्ये एक अडचण उरते. आत शिरताना डावी बाजू आड यायला नको आणि बाहेर पडताना उजवी. पहिल्या गेममध्ये लूपच्या तुकड्याला खास क्रमांक आहे. सॉनिक त्या तुकड्यात डाव्या काठाशी आहे की उजव्या, आणि मध्ये असेल तर त्याचा कोन किती, यावरून एक खूण बदलते. त्या खुणेनुसार टक्करीसाठी दुसरा तुकडा वापरला जातो आणि सॉनिकचं चित्र लूपच्या मागे जातं. १९९२च्या दुसऱ्या गेममध्ये ही कसरत सोडून टक्करीचे दोन थर ठेवले आणि थर बदलणाऱ्या अदृश्य रेषा जागोजागी टाकल्या. तीच पद्धत सोपी आणि भरवशाची. नव्याने असा गेम करणाऱ्याने थेट तिच्यापासून सुरुवात करावी.

पहिल्या गेमचे दोष त्याच्या आकड्यांतच आहेत. पायाखालची जमीन १४ पिक्सेलपर्यंत खाली गेली तरी सॉनिक तिला चिकटून राहतो, वेग कितीही असो. त्यामुळे टेकाडाच्या माथ्यावरून हवेत उडण्याऐवजी तो कधीकधी उताराला लागतो. दुसऱ्या गेममध्ये ही मर्यादा वेगाशी जोडली. दुसरा दोष उलट्या बुद्धीचा वाटेल: उताराने ६ च्या वर गेलेला वेग, धावताना किंवा हवेत पुढचं बटण दाबून धरलं की पुन्हा ६ वर ओढला जातो. म्हणून उतार लागताच खाली दाबून गोळा व्हावं किंवा बटण सोडून द्यावं. घरंगळताना कमाल आडवा वेग १६ पिक्सेल, आणि कॅमेराही एका फ्रेममध्ये १६ पिक्सेलच सरकू शकतो. ठोकळाही १६चाच. त्याहून वेगाने जाऊ दिलं तर एका फ्रेममध्ये अख्खा ठोकळा ओलांडला जाईल, भिंत तपासायची राहून जाईल आणि नायक तिच्या पोटात सापडेल.

मार लागला की अंगठ्या उधळतात, तिथे काटकसर आणखी दिसते. कितीही जमवलेल्या असोत, जास्तीत जास्त ३२ बाहेर पडतात, १६ची दोन वर्तुळं करून. त्या २५६ फ्रेम टिकतात. प्रत्येक अंगठी जमीन आहे का हे दर चौथ्या फ्रेमलाच तपासते, तेही पाळीपाळीने, म्हणजे कोणत्याही फ्रेमवर सगळ्यांचा भार एकदम येत नाही. भिंती तर बघतच नाही. काही अंगठ्या भिंतीत शिरून नाहीशा होतात त्या याचमुळे.

पाण्याखाली बहुतेक आकडे निम्मे केलेत, पण गुरुत्वाकर्षण ५६ वरून १६ वर आणलंय आणि उडी साडेतीन पिक्सेलवर. रंग बदलण्यासाठी चित्र दुसरं काढलेलं नाही: पडदा वरून खाली रंगवला जात असताना पाण्याच्या रेषेवर आल्याबरोबर रंगांची यादीच बदलली जाते.

घरी असा गेम लिहून बघणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे हे आकडे पडद्याच्या गतीला बांधणं. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर सगळं २.४ पट वेगाने चालतं. उलट प्रकार १९९१मध्येच झाला होता: युरोपातल्या टीव्हींना सेकंदाला ५० फ्रेम असल्याने तिथे सॉनिक ३६० ऐवजी ३०० पिक्सेल पळायचा आणि संगीतही रेंगाळायचं. हिशेब सेकंदाला ६० वेळाच करावा, चित्र हवं तितक्या वेळा काढावं. हिशेबाचा क्रमही पाळायचा: आधी उतार, मग बटणं आणि घर्षण, मग भिंती, मग जागा बदलणं, शेवटी जमीन आणि नवा कोन. जमीन आधी आणि हालचाल नंतर केली तर पात्र उतारावर थरथरतं. पायाच्या दोन्ही रेषा आणि त्यांना लागलेला कोन पहिल्या दिवसापासून पडद्यावर रंगवून ठेवावा. थरथर कुठल्या ठोकळ्याच्या सांध्यावर सुरू होते ते त्यावरून लगेच दिसतं, आणि बहुतेक वेळा त्या ठोकळ्याचा कोन कोष्टकात चुकीचा भरलेला असतो.