बासरी-हार्प सहवादन (चर्चमधील, मध्यान्हीचे)

बासरी-हार्प सहवादन : आडवी बासरी व हार्प (चौकटीत ताणलेल्या तारा बोटांनी छेडून वाजवायचे मोठे वाद्य) या दोनच वाद्यांवर, बहुधा दुपारी एकच्या सुमारास, चर्चच्या सभामंडपात होणारे पाऊण-एक तासाचे वादन. ते प्रार्थनाविधीचा भाग नसते. दुपारच्या सुट्टीत कामावरून उठून यावे, ऐकावे आणि परत जावे, ही त्यामागची सोय. या प्रथेला बळ दिले ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत 1939 ते 1946 या काळात पियानोवादक मायरा हेस यांनी चालवलेल्या दुपारच्या मैफलींनी. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी श्रोत्याला यातली बासरी सांगावी लागत नाही. हार्पच्या बाबतीत मात्र नावापासूनच घोळ आहे.

मराठी बायबलात दाविदाच्या हाती ‘वीणा’ आहे. मूळ हिब्रू शब्द ‘किन्नोर’. ते वाद्य हार्पपेक्षा लायर या वर्गातले, म्हणजे तारा ध्वनिपेटीला समांतर असलेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हार्पमध्ये तारा ध्वनिपेटीतून थेट वर निघतात. भजनी मंडळात वाढलेल्या माणसापुढे ‘वीणा’ म्हणताच सप्ताहातला वीणेकरी उभा राहतो. म्हणून हा अनुवाद चुकल्याची टीका होते. सप्ताह संपेपर्यंत ती वीणा जमिनीला टेकू देत नाहीत. हार्पचे वजन 35 ते 40 किलो. ते एकदा जागेवर बसले की वादन संपेपर्यंत हलवण्याचा प्रश्नच येत नाही.

ही टीका पुरती खरी नव्हे. प्राचीन भारतात ‘वीणा’ हे नाव धनुष्याकार हार्पलाही होते. कलेतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी 1930 मध्ये ग्रंथ व शिल्पे यांच्या आधारे हे मत सविस्तर मांडले. नाट्यशास्त्रातील सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची ही वाद्ये याच जातीची धरली जातात. भाजे लेण्यातील एका शिल्पपटात असे वाद्य वाजवणारी स्त्री दिसते. शिल्पाचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक मानतात, काहींच्या मते ते थोडे अलीकडचे आहे. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर राजाच्या मांडीवर तेच वाद्य आहे. तमिळ प्रदेशातील ‘याळ’ही याच कुळातले. पहिल्या सहस्रकाच्या अखेरीकडे हे वाद्य मैदानी भागातून मागे पडले आणि नाव दांडीच्या वाद्याकडे गेले. मध्य प्रदेशात मंडल्याकडील परधानांचे, म्हणजे गोंडांच्या भाट-गायकांचे, ‘बीन-बाजा’ हा त्याचा उरलेला अंश असावा. तेव्हा अनुवादकांचा शब्द जुन्या अर्थाने हार्पच्या बराच जवळचा ठरतो. त्यांनी तो हे सारे जाणून योजला, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

आजचे पेडल हार्प, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांचे हार्प, युरोपातले. पेडलची कल्पना बव्हेरियातील होखब्रुकर याची समजली जाते. काळ कोणी 1697 च्या आसपास, कोणी 1720 देतात. पक्की घडण सेबास्तियन एरार्दच्या 1810 च्या दुहेरी यंत्रणेने झाली. तारा 47, पेडल सात, म्हणजे प्रत्येक स्वरनामाला एक. पेडल तीन खाचांत बसते : कोमल, शुद्ध, तीव्र. थाट पायाने बदलतो, असे म्हटले की पेटीवाल्याच्या चटकन ध्यानात येते. सा ला पांढरी एक (पाश्चात्त्य C) धरून मध्यमाचे पेडल वर नेले की मध्यमाच्या तारा गांधार बोलतात, निषादाचे खाली दाबले की निषादाच्या तारा षड्ज बोलतात. मग तारांवरून नुसता हात फिरवला तरी भूपाचेच स्वर निघतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, मात्र या वाद्यात जवळपास नाहीच. ती उणीव बासरी भरून काढते. वादकाचा हात चुकू नये म्हणून सा च्या तारा लाल आणि मध्यमाच्या काळ्या किंवा निळ्या असतात. या सहवादनात सहसा थेओबाल्ड ब्योमच्या 1847 च्या रचनेची, चाव्यांची धातूची बासरी असते. ‘फ्लूट’ हा शब्द बेळगावात तिच्यासाठीच राखून ठेवलेला बरा.

या जोडीची सर्वांत प्रसिद्ध रचना मोझार्टची, पॅरिस, 1778. एका बासरीवादक सरदारासाठी व त्याच्या हार्प वाजवणाऱ्या मुलीसाठी ती लिहिली गेली. मोबदला पुरता मिळाला नाही, ही मोझार्टची तक्रार त्याच्या पत्रांत आहे. मुळात तिला वाद्यवृंदाची साथ आहे. फक्त दोन वाद्यांसाठीच्या रचनांत झाक इबेरची 1935 ची छोटी रचना वारंवार वाजते.

दुपारची वेळ वाद्यांना सोसत नाही. हवा तापली की बासरी चढते, हार्पच्या तारा उतरतात. दोघे उलट दिशांना जातात. पावसाळ्यात आतड्याच्या तारा ओलाव्याने फुगतात आणि तुटतातही. म्हणून हार्पवादक श्रोत्यांच्या तासभर आधी येऊन एकेक तार लावत बसतो. पंखा सुरू ठेवला तर नोटेशनची पाने उडतात, बंद केला तर पुढच्या बाकांवर रुमाल हलू लागतात. हिंदुस्थानी कानाला या प्रहरी सारंग अपेक्षित असतो. पाश्चात्त्य संगीतात वेळेचे असे बंधन नाही.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम 1820 मध्ये सुरू झाले. कॅम्पातील सेंट मेरीज हे गॉथिक शैलीचे चर्च एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. कॅथलिक धर्मप्रांत 1953 मध्ये वेगळा झाला. कॅथलिक चर्चमधील मैफलींना 1987 चे रोमचे निर्देश लागू आहेत : संगीत मुख्यतः धार्मिक असावे, प्रवेश विनामूल्य असावा, वादकांनी वेदीच्या आवारात बसू नये. मोझार्टची वर सांगितलेली रचना काटेकोरपणे पाहता यात बसत नाही. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये असा एकच नियम नाही.

सीमाभागातील मराठी उपासनेचे रोजचे वाद्य पेटी, अलीकडे कीबोर्ड. पेटीची परंपरा याच जिल्ह्यात भक्कम आहे. कागवाडचे रामभाऊ विजापुरे (1917–2010) बेळगावातच शिकवत. हार्पचा भाग त्यामुळे अनेकदा कीबोर्डवरच वाजतो. स्वर सगळे मिळतात. तार छेडल्यावर तिचा नाद विरत जातो, तेवढे मिळत नाही.